पहिल्या पानावरचे शिगवणकाका

शिगवणकाकांना काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी कॉम्प्युटरवर पंचा टाकत. लाल चौकड्यांचा, घरून आणलेला, खास याच कामाचा पंचा. मॉनिटर नीट झाकला गेला याची खात्री झाली की खुर्ची माझ्याकडे ओढत आणि हळू आवाजात म्हणत, "हां, आता बोल. तो ऐकत नाहीय."

'तो' म्हणजे सर्च इंजिन. काकांनी त्याचं नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. तो चिडलाय, तो आज खुशीत आहे, त्याने कालपासून आपल्याकडे पाठ फिरवलीय, असं सगळं चाले. मी एकदा म्हटलं, "काका, त्याला कान नाहीत हो." तर म्हणाले, "दिसत नाहीत म्हणून नाहीत असं कसं धरतेस तू?"

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. मी शिकवण्या सोडून भाईंदरजवळ हाटकेशला कारखान्यांच्या एका गाळ्यात नोकरीला लागले होते. गाळा जिग्नेशभाईंचा. आधी त्यात स्टीलच्या डब्यांचं काम चालायचं, मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता डब्यांपेक्षा शब्दांना मागणी आहे. झालं. प्रेस मशीन गेली, कॉम्प्युटर आले. शेजारच्या गाळ्यात पॉलिशचं मशीन मात्र तसंच राहिलं, आणि त्याच्या घरघरीत आम्ही इंग्रजी लेख लिहायचो.

काम असं असायचं. परदेशात कुणाचं तरी दुकान असतं, दुकानाची वेबसाइट असते. लोकांनी सर्च इंजिनला काही विचारलं की उत्तरांची यादी येते. त्या यादीत आपलं दुकान पहिल्या पानावर, जमल्यास सगळ्यात वर दिसावं म्हणून दुकानदाराला लेख हवे असतात. लेखात ठरलेले शब्द, म्हणजे कीवर्ड, पुन्हापुन्हा यायला हवेत. कमी आले तर इंजिनाच्या लक्षात येत नाही, जास्त आले तर त्याला वाटतं हा आपल्याला बनवतोय. एक अख्खा पावसाळा मी 'ओहायोमधले स्वस्त गॅरेजचे दरवाजे' या विषयावर काढला. गॅरेज म्हणून मी जे पाहिलं होतं ते रिक्षा दुरुस्तीचं, आणि त्याला दरवाजाच नव्हता.

माझं काम लेख तपासायचं. शिगवणकाकांचं लिहायचं. ते मूळचे राजापूरकडचे, राहायला भाईंदरच्या नवघरला. एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात टायपिस्ट होते, तिथून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. आयुष्यभर लोकांचे दावे टाइप केले: कुणाचं दुकान जळलं, कुणाची गाडी चोरीला गेली, कुणाचा हात मोडला. आणि त्यातले निम्मे खोटे, असं त्यांचं ठाम मत. "ज्याचं खरंच जळलेलं असतं ना मीनल, तो एवढं सविस्तर लिहीत नाही," ते सांगत. त्या खात्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक झकास इंग्रजी आणि दुसरा संशय. इंग्रजी ते ऑफिसात वापरत, संशय सगळीकडे.

मुलाखतीला आले तेव्हा जिग्नेशभाई त्यांना काही विचारणार इतक्यात यांनीच विचारलं, "आधी तुमचं दुकान रजिस्टर आहे का ते दाखवा." जिग्नेशभाई हडबडले. म्हणाले, "काका, नौकरी आपको चाहिये के मुझे?" काका म्हणाले, "वो बाद में देखेंगे." आणि कागद बघूनच खुर्चीवर बसले. जिग्नेशभाईंना तो माणूस आवडला. धंद्यात असा एक तरी ठेवावा, असं ते मला नंतर म्हणाले.

बाजारातही हेच. भाईंदरच्या बाजारात मासळीच्या वाट्यासमोर ते उकिडवे बसत आणि बांगड्याचे कल्ले उघडून आत डोकावत. मग डोळा दाबून बघत. मग दुसऱ्या बाजूचा डोळा. मी एकदा सोबत होते. कोळीण वैतागून म्हणाली, "काका, मावरा ताजा हाय. घेणार हाय का न्हाय? का त्याची जबानी घेतो?" काका शांतपणे म्हणाले, "हा डोळा वेगळं सांगतोय गो बाय." ती एवढी हसली की तिने एक बांगडा वर टाकला. काकांनी त्याचेही कल्ले तपासले.

बरं, माणूस कामाला वाघ. ऑफिसात जिग्नेशभाईंनी एकदा कुठूनतरी युक्ती आणली: पानावर पांढऱ्या रंगात पांढऱ्यावरच कीवर्ड लिहून ठेवायचे. माणसाला दिसत नाहीत, इंजिनाला दिसतात. सगळे खूश. काकांनी पंचा टाकला आणि म्हणाले, "हे करायचं नाही. लपवून ठेवलेलं त्याला आधी दिसतं. मी असतो तर मला आधी दिसलं असतं." जिग्नेशभाईंनी ऐकलं नाही. काही दिवसांत ते पान यादीतून असं गायब झालं की शोधून सापडेना. त्या दिवसापासून काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यांचं म्हणणं होतं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपला नंबर बघण्यात अर्थ नाही. "इथे तो आपल्या तोंडावर गोड बोलणार. तुमचंच वर आहे हो, म्हणणार. बाहेर काय सांगतो ते बघायला पाहिजे." म्हणून ते संध्याकाळी वेगवेगळ्या सायबर कॅफेंत जात. एक दिवस नवघरला, एक दिवस स्टेशनजवळ, एक दिवस थेट मीरा रोडला. आत शिरायचं, कोपऱ्यातली केबिन मागायची, काहीतरी टाइप करायचं, खिशातल्या रुमालाने कीबोर्ड पुसायचा आणि पाच मिनिटांत बाहेर. स्टेशनजवळच्या कॅफेवाल्याने त्यांना साध्या वेशातला पोलीसच ठरवलं. पैसे घेईना, वर चहा मागवला. काकांना वाटलं, चहा देतोय म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे. चोराच्या मनात चांदणं. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून चहा प्यायले, आणि काकांनी तो कॅफे कायमचा बंद केला, म्हणजे स्वतःपुरता.

आता त्यांची सगळ्यात मोठी युक्ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमचे लेख चोरीला जायचे. इथलाच कुणीतरी आमचा लेख उचलून दुसऱ्या दुकानाच्या साइटवर जसाच्या तसा टाकायचा आणि विचारलं की म्हणायचा, विषय एकच आहे, सारखं होणारच. काकांनी मग लेखात मुद्दाम एक चूक पेरायला सुरुवात केली. साधी, निरुपद्रवी चूक. गॅरेजच्या दरवाजाच्या लेखात त्यांनी लिहिलं की बिजागऱ्यांना थंडीत खोबरेल तेल लावावं. महिन्याभरात दुसऱ्या एका साइटवर ओहायोचे लोक बिजागऱ्यांना खोबरेल तेल लावू लागले. जिग्नेशभाई त्या माणसाच्या दुकानात कागद घेऊन गेले आणि तिथे काय बोलले ते मी लिहू शकत नाही, पण ते गुजरातीत होतं. चोरी थांबली. तेव्हापासून काकांच्या लेखात चूक सापडली की मी ती तशीच सोडायची, असा नियम झाला. मला तो नियम मुळीच आवडत नसे. चूक दिसली आणि लाल रेघ मारायची नाही, म्हणजे हात बांधून जेवायला बसवल्यासारखं.

तर एकदा एक नवं गिऱ्हाईक आलं. अमेरिकेत न्यू जर्सीला देशी किराण्याचं दुकान. कोकम, तिरफळ, पापड, असलं सगळं. त्यांना साइटवर पाककृती हव्या होत्या, म्हणजे लोक कृती शोधत येतील आणि सामान घेऊन जातील. पानाखाली वाचकांना अभिप्राय लिहायची सोय. आलेला अभिप्राय आधी आमच्याकडे यायचा, आम्ही बघून पुढे सोडायचा.

जिग्नेशभाई म्हणाले, "कौन करेगा?" काकांनी कधी कुठलं काम मागून घेतलं नव्हतं. मागितलं की लोकांना कळतं आपल्याला काय हवंय, असं त्यांचं तत्त्व. पण त्या दिवशी त्यांनी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा. तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यांनी बांगड्याच्या कालवणाचं पान घेतलं आणि अक्षरशः जीव ओतला. कीवर्ड कुठे घालायचे यावर दोन-दोन दिवस विचार. कोकणातला माणूस अमेरिकेत बसून काय टाइप करील? 'मालवणी फिश करी' करील की 'बांगडा करी'? की 'आईसारखं कालवण' म्हणेल? मला विचारायचे, "मीनल, तू चिडलेली आहेस आणि तुला भूक लागलीय. तू त्याला काय विचारशील?" मी म्हटलं, "चिडले असेन तर मी कशाला विचारीन? भात-दही खाऊन झोपेन." त्यांना ते उत्तर बिलकूल आवडलं नाही. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पान हळूहळू वर चढत गेलं. तिसऱ्या पानावर होतं, दुसऱ्यावर आलं, मग पहिल्यावर. एका सकाळी काका मीरा रोडच्या कॅफेतून थेट ऑफिसला आले, पंचा टाकला आणि म्हणाले, "सगळ्यात वर. तीन ठिकाणी बघितलं. खोटं बोलत नाहीय तो." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता असं म्हणवत नाही. परीक्षेचा पेपर देऊन आलेला माणूस दिसतो तसे दिसत होते.

आणि मग अभिप्राय यायला लागले. बहुतेक संतापलेले.

काकांनी लिहिलं होतं: बांगडे घातल्यावर कालवण पळीने चांगलं ढवळावं. आता मला सांगा, कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की मासे घातल्यावर कालवणात पळी घालायची नाही. टोप फडक्याने दोन्ही बाजूंनी धरायचा आणि हलकेच गोल हलवायचा. पळी घातली की बांगडा मोडला, काटे सुटले, सगळ्याचा लगदा. मी ती चूक पहिल्याच वाचनात पाहिली होती. पण नियम म्हणजे नियम, वाटलं चोर पकडायची खूण असेल, सोडून दिली.

टेक्ससच्या एका बाईंनी लिहिलं, कृपा करून ढवळू नका, माशाचा चुरा होतो. शिकागोच्या एका डॉक्टरांनी चार मुद्दे काढले. लंडनहून एका गोव्याच्या गृहस्थांनी ढवळण्याचं बाजूला ठेवून कोकम बरं की व्हिनेगर यावर भांडण काढलं. कुणी लिहिलं, ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात मासा पाहिला नसावा.

काका प्रत्येक अभिप्राय वाचत. नुसतं वाचत नसत, जबानी घेत. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं. "ही नव्हे," पुटपुटत. "हिने कृपा करून म्हटलंय." पुढचा. "हा पुरुष आहे." पुढचा. "ही फार गोड बोलते. नव्हे." मी मागे उभी राहून ऐकत होते आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती. हे कोणाला शोधताहेत? कालवण चोरणारा टेक्ससमध्ये कुठून येणार?

तेवढ्यात दुकानदाराचा निरोप आला. लोक म्हणताहेत ज्यांना कालवण येत नाही त्यांच्याकडून कोकम काय घ्यायचं. शनिवारपर्यंत चूक दुरुस्त करा, नाहीतर पान काढून टाकतो आणि काम दुसरीकडे देतो. जिग्नेशभाईंनी मला बाहेर बोलावलं, पॉलिशच्या मशीनच्या आवाजात, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "मीनलबेन, काका में कुछ गडबड है. मैंने बोला सुधारो, तो बोले दो दिन रुको. ऐसा कभी नहीं किया. सामनेवाले ने तो नहीं खरीद लिया?"

खोटं कशाला सांगू, मलाही तीच शंका आली होती. इतका काटेकोर माणूस धडधडीत चूक सोडतो, ती सुधारू देत नाही, अभिप्राय एकटाच वाचत बसतो. आपल्याकडे म्हणतात ना, दाल में कुछ काला है. इथे डाळच नव्हती, नुसतं काळं.

मी दुपारी डबे उघडायच्या वेळेला त्यांच्यासमोर जाऊन बसले. पंचा मीच उचलला आणि मॉनिटरवर टाकला. म्हटलं, "काका, तो ऐकत नाहीय. आता खरं सांगा. कुणासाठी करताय हे?"

ते डब्याच्या झाकणाशी खेळत राहिले. मला वाटलं उठून जातील. पण गेले नाहीत.

"मला मुलगी आहे," म्हणाले.

इतकी वर्षं एका ऑफिसात, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं हा माणूस एकटाच जन्मला असावा.

नाव वैशाली. आई गेली तेव्हा ती लहान होती. घरात स्वयंपाक काका करायचे आणि ती ओट्याशी उभी राहून चुका काढायची. मीठ कमी, खोबरं जाड वाटलंय, विस्तव मोठा. "रांधायला काही शिकली नाही गो," काका म्हणाले, "पण चूक एक सोडायची नाही. तुझ्यासारखीच." मोठी झाली, नोकरीला लागली, एका मुलाशी लग्न ठरवलं तिने. मुलगा चांगला होता. पण काकांना तो चांगला वाटेना, कारण चांगला वाटणाऱ्या माणसांचेच दावे खोटे निघतात असा त्यांचा अनुभव. ते त्या मुलाच्या ऑफिसात जाऊन आले. त्याच्या घरमालकाला भेटले. पानवाल्याला विचारलं. दोन दिवस त्याच्या मागे-मागे हिंडले. काही निघालं नाही. पण त्या मुलाने त्यांना एका वळणावर बघितलं आणि वैशालीला सांगितलं.

"तिने आरडाओरडा नाही केला. तेच वाईट झालं," काका म्हणाले. "म्हणाली, बाबा, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत. आता मी जाईन तिथे मला शोधायचं नाही. आणि लग्न करून गेली. फोन बदलला. पुढे तिची एक मैत्रीण बाजारात भेटली, तिच्या तोंडून निघून गेलं, अमेरिकेत आहे म्हणून. कुठल्या गावात ते ती सांगणार होती. मीच म्हटलं, नको सांगू."

"का?"

"शोधायचं नाही म्हणालीय ना ती."

तेच पुढे बोलले. "मी शोधत नाहीय तिला, मीनल. एक दिवस शोधलेलं नाही. पण तिला कधीतरी बांगड्याचं कालवण खावंसं वाटेल की नाही? थंडीचा देश आहे म्हणतात. वाटणारच. मला काही ती विचारणार नाही. मग विचारणार कुणाला? याला." त्यांनी पंचाखालच्या मॉनिटरकडे बोट केलं. "तिने शोधलं तर मी सापडावा. एवढंच."

माझा स्वभाव वाईट, मी तपासायलाच बसले होते. म्हटलं, "मग नाव टाका ना पानावर. शिगवण म्हणून लिहा."

"नाव दिसलं तर तिथेच बंद करील."

"आणि ही पळीची चूक?"

"बरोबर लिहिलं तर वाचील आणि जाईल. मला कळायचंही नाही आली होती म्हणून. चूक दिसली तर तिला गप्प बसवणार नाही." मग म्हणाले, "म्हणजे, तेव्हा बसवायचं नाही. आता काय माहीत."

मी जिग्नेशभाईंना काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. खरं सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नव्हता. म्हटलं, काकांना कुणी विकत घेतलेलं नाही, घरचं कारण आहे, मला शनिवारपर्यंत मुदत द्या, शनिवारी मी स्वतः दुरुस्त करीन. ते म्हणाले, "घर का है तो ठीक है." माणूस धंदेवाईक असला तरी त्यालाही घर होतं, दोन मुली होत्या.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. अभिप्राय येत होते. ही नव्हे, ही नव्हे. काका मोकळेपणाने वाचायला लागले होते, मला शेजारी बसवून, आणि मला कळून चुकलं की या माणसाला आपली मुलगी अक्षराअक्षरात ओळखता येते. तिला कृपा करून म्हणायची सवय नाही. ती मुद्दे काढत नाही. ती आधी निकाल सांगते, मग कारण.

शनिवारी सकाळी मी आले तर काका माझ्याआधी येऊन बसले होते. पंचा नव्हता टाकलेला. पडद्यावर एक अभिप्राय होता, नाव न लिहिलेला, इंग्रजीत, चार ओळींचा. त्याचा अर्थ असा होता: "हे चूक आहे. पळी घालायची नाही, टोप हलवायचा. आणि टोप फडक्याने धरायचा, अंगातल्या बनियनच्या टोकाने नाही. हात भाजतो. सांगून उपयोग होत नाही काही लोकांना."

मी दोनदा वाचलं. काकांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं, विमा कंपनीत खोट्या दाव्यांकडे बघत असतील तसं.

"हे तू लिहिलंस," म्हणाले.

"मी?"

"माझी कीव आली तुला. काल रात्री घरी जाऊन लिहिलंस. खरं सांग."

मला राग आला. खरंच आला. एवढं सगळं ऐकून घेतलं, जिग्नेशभाईंकडे रदबदली केली, आणि हा माणूस मलाच आरोपी करतोय. म्हटलं, "काका, तुम्ही टोप कशाने धरता ते मला काय माहीत? मी तुमच्या घरी कधी आलेय का? आणि बनियनने टोप धरणारा माणूस जगात असतो हेच मला आत्ता कळतंय."

त्यांनी यावर विचार केला. मी बघत होते, ते माझ्या बोलण्यात फट शोधत होते. सगळ्या बाजूंनी तपासलं. सापडली नाही. मग त्यांनी उजवा हात उलटा करून बघितला, पुन्हा सरळ केला आणि मांडीवर ठेवून दिला.

"बनियनचं ते नाक्यावरसुद्धा मी कुणाला सांगितलेलं नाही," हळूच म्हणाले.

आता माझी घाई. म्हटलं, "थांबा, आत्ता कळेल. अभिप्राय कुठल्या कॉम्प्युटरवरून आलाय त्याचा नंबर असतो मागच्या बाजूला. त्यावरून गाव निघतं. एका मिनिटाचं काम." आणि मी माउसकडे हात नेला.

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. जोरात नाही. नुसता ठेवला आणि काढला नाही.

"नको."

"अहो, पण खात्री नको करायला? दुसरी कुणी असली तर? तुम्ही तीन-तीन कॅफेंत जाऊन नंबर बघणारे—"

"शोधायचं नाही म्हणालीय ती," काका म्हणाले. "परत तेच करू?"

माझा हात मी मागे घेतला. शेजारच्या गाळ्यात पॉलिशचं मशीन सुरू झालं. काकांनी पान उघडलं आणि दुरुस्ती करायला घेतली. पळीची ओळ खोडली. टोप दोन कोरड्या फडक्यांनी धरून हलवावा, असं लिहिलं. मी तपासलं, बरोबर होतं. मग ते खाली सरकले आणि शेवटची ओळ, झाकण ठेवून मंद विस्तवावर किती वेळ ठेवायचं ती, चांगली बरोबर असलेली ओळ, निवडून पुसून टाकली.

"ती का पुसली?" मी विचारलं.

ते अभिप्रायाखाली उत्तराची जागा होती तिथे गेले आणि दहाही बोटांनी टाइप करायला लागले, क्लेम खात्यातल्या इंग्रजीत. आपली सूचना मिळाली. टोपाबाबत दुरुस्ती केली आहे. झाकण किती वेळ ठेवावे हे लिहायचे राहून गेले आहे. कृपया कळवावे. खाली नाव नाही, काही नाही. पाठवलं, आणि हात टेबलाखाली घेतले.

मला राहवेना. "काका, तुम्हाला माहीत नाही झाकण किती वेळ ठेवायचं?"

"मला माहीत आहे गो," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तिला सांगू दे."